सुजाताचा लॅपटॉप

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, मी दुकानातून दमून येते म्हणून गप्प असते. आईला सांगावंसं वाटलं होतं — तिच्या शेवटच्या आजारपणात, उशाशी बसले होते, तोंडही उघडलं होतं. मग पाणी हवंय का, एवढंच विचारलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमेल कदाचित. कदाचित मध्येच थांबेनही.

माझं लोणावळ्यात दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉप, मोबाईल, प्रिंटर. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक गाळा, एका बाजूला चिक्कीवाल्याचं गोडाऊन, दुसऱ्या बाजूला फॉल-पिकोवाली. लग्नाआधी मी तळेगावला एका कारखान्यात सर्किट बोर्डांच्या लाईनवर होते, तिथं हात बसला. नवरा अजून तिकडंच, नवलाख उंबरे गावाच्या बाजूला कंपनीत शिफ्टला जातो. मी नोकरी सोडली आणि दुकान टाकलं. सुरुवातीला गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, दादा नाहीत का? मग हळूहळू बायका यायला लागल्या. का, ते तुम्हाला कळलंच असेल. फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये माणसाचं सगळं असतं. ते परक्या पुरुषाच्या हातात देताना बाईचा जीव वरखाली होतो. माझ्याकडे देताना तो होत नसे. ताईकडं दे, ताई आत डोकावत नाही, असं एक बाई दुसरीला सांगायची, आणि तिसरी यायची. मला त्याचा अभिमान होता.

सुजाताही अशीच आली. कुणीतरी पाठवली म्हणून.

दिवाळी होऊन गेली होती, सुट्टीतली गर्दी ओसरली होती. भर दुपारी गल्लीत कुणी नसतं, त्या वेळी ती आली. हातात भाजीची कापडी पिशवी, वर मेथीच्या जुड्या, आणि जुड्यांखाली लॅपटॉप. जुना, जाडजूड, झाकणावर लहान मुलांचे सशांचे स्टिकर चिकटवलेले. मेथी बाजूला ठेवून तिनं तो काउंटरवर ठेवला आणि आधी मागं वळून गल्ली बघितली. मग म्हणाली, मेमरी वाढवता येईल का?

मी चालू करून बघितला. बिचारा धापा टाकत होता. रॅम कमी असली की असंच होतं — मशीन बंद पडत नाही, पण एक काम उघडलं की दुसरं अडकतं. मी विचारलं, काय चालवता यावर? घरांचे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर, ती म्हणाली. लग्नाआधी तिनं सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. वर्षभरापासून ती पुण्यातल्या एका आर्किटेक्ट बाईंसाठी गुपचूप ड्रॉइंग करून देत होती, मुलगी शाळेत गेली की. साधं घर असेल तर निभायचं. इमारत उघडली की मशीन जागच्या जागी थिजायचं, आणि तेवढ्यात सासूबाई माडीवर यायच्या.

मी मागचं कव्हर उघडलं. रॅमच्या पट्ट्या बसवायच्या दोन खाचा होत्या, एक रिकामी. म्हटलं, होईल. दोन्ही पट्ट्या नव्या टाकू, मेमरी चौपट होईल. पुण्याहून मागवावी लागेल, मशीन दोन-चार दिवस ठेवून जा.

ठेवून जा म्हटल्यावर ती घाबरली. मी तिचा हात बघितला तेव्हा. मनगट सुजलेलं होतं, हिरवट. माझी नजर तिथं गेलेली तिला कळली, तिनं बांगड्या खाली सरकवल्या. मी विचारलं नाही. मग तिनंच सांगितलं — का सांगितलं? मी बाई होते म्हणून. दुकानात सोल्डरचा वास होता, पंखा फिरत होता, आणि समोर एक बाई ऐकून घेत होती म्हणून. पुढच्या महिन्यात ती मुलीला घेऊन घर सोडणार होती. आर्किटेक्ट बाईंनी कायमचं काम देऊ केलं होतं, चिंचवडला मैत्रिणीकडे राहायची सोय झाली होती. शाळेत पोचवायच्या निमित्तानं निघायचं आणि सकाळची लोकल धरायची. मशीन तेवढं चाललं पाहिजे, कारण पोट आता त्याच्यावरच.

"कुणी विचारलंच," ती म्हणाली, "तर पोरीच्या अभ्यासासाठी आहे म्हणा."

मी बरं म्हटलं. लेबल लावायला नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, राहायला तुंगार्लीत म्हणाली.

आणि मला कळलं, ही कुणाची बायको आहे.

आता बघा — पहिली गोष्ट मी इथं केली. किंवा केली नाही, असं म्हणा. माझा गाळा तिच्या नवऱ्याचा होता. दत्ताभाऊंनी तो त्याच वर्षी आधीच्या मालकाकडून घेतला होता. तुंगार्लीत त्यांचे भाड्यानं द्यायचे बंगले आहेत, बाजारात गाळे आहेत; कुठलं काय कधी घेतलं ते घरातल्या बायकांना कोण सांगतंय? सुजाताला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं — ताई, हा लॅपटॉप इथं ठेवू नका, तुमचे मालक इथं येतात. दुसऱ्या कुणाकडे द्या, किंवा थांबा, मी माझ्या घरी नेऊन करते. एवढं वाक्य. मी लेबलवर फक्त 'सुजाता' लिहिलं आणि लॅपटॉप मागच्या फळीवर उभा ठेवला. का? काम हातचं जाईल म्हणून? की तिनं एवढ्या विश्वासानं सांगितलं आणि तो विश्वास लगेच मोडायला नको वाटला? मी पुष्कळदा विचार केला. मला वाटतं, मला फक्त अवघड बोलायचं नव्हतं.

तिनं फोन नंबर दिला नाही. तिचा फोन घरी बघितला जायचा. बाजाराच्या दिवशी येते म्हणाली, मेथीच्या जुड्या पिशवीत भरल्या आणि गेली.

दत्ताभाऊ आले ते मीटरचं बघायला. गाळ्याचं मीटर जुनं होतं, मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. रॅम त्याच सकाळी आली होती, दोन छोट्या पट्ट्या, खोक्यात बंद, खोकं टेबलावर. दत्ताभाऊ कधी आवाज चढवत नाहीत. हे मला सांगायलाच हवं, कारण तुमच्या डोळ्यांसमोर आता कुणीतरी मिशांवर ताव देणारा उभा राहिला असेल. ते तसे नाहीत. चप्पल दाराबाहेर काढतात. मला ताई म्हणतात. मीटर बघून झाल्यावर ते स्टुलावर बसले, चहा सांगितला, आणि फळीकडे बघत म्हणाले, "ते ससे आमच्या पोरीनं चिकटवल्यात."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, हो का? वहिनींनी दिलाय, मुलीच्या अभ्यासासाठी, जरा हळू चालतो. म्हणजे ठरलं होतं ते मी बोलले. त्यांनी खोकं उचललं, उलटंसुलटं करून वाचलं. शांतपणे परत ठेवलं.

"पोरीच्या अभ्यासाला एवढी मेमरी लागती व्हय?"

आणि गप्प बसले. मग म्हणाले, गाळ्याचा करार संपत आलाय, भाच्याला चिक्कीचं दुकान टाकायचंय, तो मागं लागलाय, काय करावं कळंना. मी घाबरले. दुकान गेलं तर मी कुठं जाणार होते? बाजारात दुसरा गाळा मिळणं सोपं नाही, जमवलेलं गिऱ्हाईक जातं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या भीतीनं मी सांगितलं. ड्रॉइंगचं काम, पुण्याच्या बाई, चिंचवडची मैत्रीण, पुढचा महिना, सकाळची लोकल. सगळं.

नाही — थांबा.

क्रम असा नव्हता.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात हे असंच सांगत आले, आणि आत्ता तुम्हालाही तसंच सांगून टाकलं. आधी त्यांनी कराराचं काढलं आणि मग मी बोलले. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. पोरीच्या अभ्यासाला एवढी मेमरी लागती व्हय, असं विचारून ते गप्प बसले, एवढंच. नुसते बसले होते. माझ्याकडे बघत होते, रागानंसुद्धा नाही. बाहेर फॉल-पिकोवालीचं मशीन चालू होतं. मी त्या वेळी काहीही म्हणू शकत होते. आजकाल शाळेच्या अ‍ॅपलाही लागते, म्हणू शकत होते. कंपनीनं हीच पाठवली, म्हणू शकत होते. मला यंत्रातलं कळतं, त्यांना कळत नव्हतं. कुठलीही थाप त्यांना पटली असती. ती शांतता मला सहन झाली नाही. मी म्हटलं, नाही, ड्रॉइंगचं काम करतात ना त्या. त्यांनी विचारलं, कुणाचं? आणि मग मी थांबलेच नाही. कुणी घशात हात घालून काढलं नाही, मीच एकेक काढून देत गेले. लोकलचं तर त्यांनी विचारलंही नव्हतं.

कराराचं ते नंतर बोलले. सगळं ऐकून झाल्यावर, चहा संपवून, उठता उठता. गाळ्याची काळजी करू नका म्हणाले, करार पुढं चालू ठेवू. म्हणजे ती धमकी नव्हतीच. काय होतं, ते तुम्ही समजा.

दारात चप्पल घालताना ते म्हणाले, "तिचं काम करून द्या. नीट करा. आन् मी आलतो म्हणून तिला सांगू नका."

मी मान हलवली.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. भीतीनं माणूस बोलून जातो, एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पण सुजाता यायला अजून दोन दिवस होते. दोन दिवस.

रॅम मी त्याच दुपारी बसवली. बॅटरीची वायर सोडवली, जुनी पट्टी काढली. नव्या पट्ट्या तिरक्या घालून दाबायच्या असतात, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक करून बसतात. मी हे शेकडो वेळा केलंय. त्या दिवशी पहिली पट्टी बसेना, हाताला घाम होता. चालू केलं तर स्क्रीन काळी. मी बघत राहिले. आणि मला वाटलं — हेही सांगतेच — मला वाटलं, जळू दे. मशीन मेलं तर ती जाणारच नाही. ती निघालीच नाही तर दत्ताभाऊ अडवणार नाहीत. मी बोलले काय आणि नाही काय, सगळं सारखंच होईल. देवाला हात जोडायचेच बाकी होते. तेवढ्यात स्क्रीन उजळली. नवी मेमरी ओळखायला मशीनला कधी कधी वेळ लागतो, तेवढंच होतं. काम उत्तम झालं होतं.

बाजाराच्या दिवशी ती आली. या वेळी पिशवीत वाटाण्याच्या शेंगा होत्या. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिनं एक इमारत उघडली, जी कधी उघडायची नाही ती. झटकन उघडली. तिनं ती स्क्रीनवर गोल फिरवली, वरून बघितली, जिन्यातून आत शिरली, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. मशीन कुठं अडकलं नाही. ती हसली. मला म्हणाली, तुमच्या हाताला यश आहे.

दुकानात आम्ही दोघीच होतो. गल्ली रिकामी होती. मी म्हणू शकत होते — सुजाता, त्यांना कळलंय. आजच जा. किंवा जाऊ नको, थांब, दुसरी वेळ बघ, मुलीला आधी हलव. माझा नवरा घरी होता त्या दिवशी, मी दोघींना त्याच्याबरोबर तळेगावपर्यंतसुद्धा पोचवू शकले असते. हे सगळं मला त्याच क्षणी सुचत होतं, नंतर नाही. म्हणून सांगतेय. सुचलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. मला दिसत होतं, दार उघडं आहे, तिला फक्त सांगायचंय. आणि मला भीती वाटत होती. कशाची? त्यांची? की मग तिला कळेल की सांगितलं कुणी, याची?

मी म्हटलं, जपून जा हं.

पुढचा महिना मी कसा काढला, ते सांगून काय उपयोग? बाहेर मोटरसायकल थांबली की मी स्क्रू पाडायचे. सकाळी शटर वर करताना स्टेशनच्या बाजूनं लोकलचा भोंगा ऐकू यायचा आणि मनात यायचं, आज असेल का? पण ती आली नाही, कुणी काही बोललं नाही. गल्लीत सगळं नेहमीसारखं. मला वाटायला लागलं, गेली असेल. सुटली असेल. दत्ताभाऊ विसरले असतील. माणूस काय काय वाटून घेतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी ती परत आली. लॅपटॉपचा चार्जर जळला होता. केस मागं घट्ट बांधलेले, बारीक झाली होती. मी चार्जर शोधत होते, तिच्याकडे पाठ करून, आणि ती आपणहून बोलायला लागली.

त्या दिवशी ती मुलीला शाळेत सोडून आली होती, संशय नको म्हणून. मग पिशवी घेऊन परत शाळेत गेली. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, तिचे पप्पा आत्ताच घेऊन गेले की. ती धावत घरी आली. दत्ताभाऊ पोहे खात बसले होते. मुलगी आत्याकडे पाठवली, घाटाखाली, म्हणाले. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, तू जा की, तुझी गाडी चुकंल.

ती गेली. रागानं, डोळ्यांत पाणी घेऊन गेली. स्टेशनवर आली, लोकलमध्ये बसली. वाटलं होतं, चिंचवडला पोचू, मैत्रिणीला घेऊन पोलिसांत जाऊ, मुलीला आणू. मळवली गेलं, कामशेत गेलं, तळेगाव गेलं. प्रत्येक स्टेशनला तिला वाटत राहिलं, मुलगी रात्री झोपताना मला शोधणार. बेगडेवाडीला ती उतरली. का तिथंच, ते तिला सांगता आलं नाही. बाकावर बसून राहिली. मग पूल ओलांडून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेली आणि येणाऱ्या लोकलनं परत आली.

मुलगी लगेच मिळाली नाही. आर्किटेक्ट बाईंना सुजातानं नवऱ्यासमोर, फोन स्पीकरवर ठेवून, मला काम जमणार नाही असं सांगितलं, तेव्हा मिळाली. आल्यावर पोर आईला सोडेना, संडासाच्या दाराशीसुद्धा उभी राहायची.

मी चार्जर काउंटरवर ठेवला. विचारलं, त्यांना कळलं कसं?

हे मी का विचारलं? तुम्ही सांगा. मला ठाऊक नव्हतं का?

तिनं सांगितलं. घरात एकच जण तिच्या बाजूची होती, धाकटी जाऊ, कविता. नवी, अजून विशीतली, नवलाख उंबऱ्याची पोर. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना धरून होत्या. सासूबाई माडीवर निघाल्या की कविता खालून मोठ्यानं खोकायची, म्हणजे सुजाता लॅपटॉप मिटायची. जायचं ठरलं तेव्हा सुजातानं तिला सांगितलं होतं.

"दोघींनाच माहीत होतं," सुजाता म्हणाली. "कविताला आणि तुम्हाला."

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता ती ओळखेल. मी हात काउंटरखाली घेतले. ती माझ्याकडे सरळ बघत होती. आणि म्हणाली, तुमचा तर प्रश्नच नाही. तुम्हाला काय पडलंय आमच्या घरात?

मी गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. तेही वाईटच होतं, पण पुरलं असतं. मी म्हटलं, "जावाजावांत असं होतं म्हणतात."

हे मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. दत्ताभाऊ समोर नव्हते. ती मान हलवत राहिली, हळूहळू, जसं काही तिला एवढंच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. चार्जर पिशवीत ठेवून गेली. त्या दिवसापासून ती कविताशी बोलत नाही.

कविताला मी आधी कधी बघितलं नव्हतं. ती दुकानात आली ती फुटलेल्या फोनची काच बदलायला. नाव कविता, तुंगार्ली म्हणाली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. काच बसेपर्यंत ती स्टुलावर बसली, दत्ताभाऊ बसले होते त्याच. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग मान वर न करता म्हणाली, सुजाताताई तुमच्याकडं येत्यात ना? मी हो म्हटलं.

"त्या माझ्याशी बोलत न्हाईत. चूल येगळी केली. त्यांना वाटतं मी सांगितलं भावजींना. मी न्हाई सांगितलं, ताई. तुमचं ऐकत्याल त्या. तुमी सांगाल का त्यांना?"

माझ्या हातात तिचा फोन होता, उघडलेला, सगळ्या वायरी बाहेर. मी म्हटलं, बघते. तिनं हात जोडले. माझ्यापुढं हात जोडले तिनं. मी काच बसवली, वरून संरक्षक काच फुकट लावून दिली. ती नको नको म्हणत होती, मी लावलीच.

मी सुजाताला काही सांगितलं नाही.

मला अजून भीती वाटते. तिचं रूप बदललंय, एवढंच. तेव्हा दत्ताभाऊंची वाटायची, आता माझी मलाच वाटते. ते अजून येतात, चप्पल बाहेर काढतात, चहा सांगतात. करार दर वेळी पुढं चालू राहतो, मला आठवणही करावी लागत नाही. जाताना कधीतरी सहज विचारतात, वहिनी आलत्या का तुमच्या? आणि मी हो म्हणते. चार्जरला आल्या होत्या. मुलीच्या प्रोजेक्टचं छापायला आल्या होत्या. खरं तेच सांगते. त्यात काही नसतं. पण ते विचारतात आणि मी सांगते, हे आमच्यात आता ठरूनच गेलंय. भाजीवाल्यानं भाव विचारावा आणि आपण उत्तर द्यावं, इतकं सहज.

सुजाताची मुलगी आता मोठी झालीय, स्वतःच बसनं शाळेत जाते. कविता आणि सुजाता एकाच घरात राहतात, एकाच जिन्यानं वरखाली करतात. कविताला मुलगा झाला तेव्हा सुजाता बारशाला खाली आली नाही, हे मला फॉल-पिकोवालीनं सांगितलं. बायका अजून माझ्याकडे येतात. सुजाताच पाठवते त्यांतल्या कितीतरी जणींना.

गेल्या आठवड्यात ती तो लॅपटॉप घेऊन आली. ससे केव्हाच निघून गेलेत, डिंकाचे डाग राहिलेत. म्हणाली, एवढा जुना झालाय, ड्रॉइंगचं नवं सॉफ्टवेअर पेलेल का? मी उघडून बघितलं. रॅम अजून चांगली आहे. मी काढून, पुसून पुन्हा बसवली. पेलेल, म्हटलं.

मग तिनं गल्लीकडे बघितलं, आणि आवाज खाली घेऊन सांगायला लागली. परत काम सुरू केलंय. या वेळी मुलीला सगळं माहीत आहे, ती तयार आहे. परीक्षा संपली की निघायचं. लोकलनं नाही, कशानं ते तिनं मला सांगितलं. कुठं जाणार तेही सांगितलं. मी ऐकत होते. मी म्हणायला हवं होतं, मला सांगू नको. तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. ती म्हणाली, घरात या वेळी कुण्णालाच बोलले नाही. मागची चूक परत नाही. फक्त तुम्हाला माहीत आहे.

मी मान हलवली.

दत्ताभाऊंना मागच्या वेळी मी सांगितलं होतं. कवितानं नाही. मी, माझ्या तोंडानं, कुणी धमकावलेलं नसताना. आणि सुजाताला मी अजून बोललेले नाही.

ते या महिन्यात अजून आलेले नाहीत. आले की स्टुलावर बसतील, चहा सांगतील, आणि विचारतील. मी काय बोलेन, हे मला माहीत नाही.